गाडीचं पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग घरी दुरुस्त करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूरच्या पावसातले रस्ते, चोर्ला घाट, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या चिकोडी-निपाणीकडच्या वाटा आणि शेतातल्या पाणंदी. आपल्या बेळगाव भागात गाडीचा पुढचा भाग सर्वात जास्त मार खातो. खालची उत्तरं पुढचा शॉकअप स्प्रिंगसकट उभा असलेल्या हॅचबॅक आणि सेडान गाड्यांना धरून आहेत. जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

पुढून खडखड आवाज येतो. कुठला पार्ट गेलाय हे कसं ओळखायचं?

आवाज कधी येतो ते आधी बघा, पार्ट नंतर विकत घ्या. उलट क्रमाने गेलं की चार पार्ट बदलूनही आवाज तिथेच असतो.

बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर, वेग वीसच्या आत असताना डब्यात खडे हलवल्यासारखी कटकट येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड, नाहीतर स्टॅबिलायझर बारचे रबर बुश (स्टॅबिलायझर बार म्हणजे वळणावर गाडीला कलण्यापासून रोखणारी दांडी, लिंक रॉड तिची टोकं जोडतो, आणि बुश म्हणजे दोन लोखंडी भागांमधलं रबर). ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच 'ठप' येऊन गाडी किंचित एका अंगाला ओढत असेल तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून चेसिसशी जोडणाऱ्या हाताचा, मागचा बुश. गाडी जागेवर उभी करून स्टिअरिंग फिरवताना 'टंग' असा स्प्रिंग सुटल्याचा आवाज येत असेल तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना टक-टक-टक अशी लय येते, ते सस्पेन्शनचं दुखणं नाही. ती ड्राइव्ह शाफ्टची (गिअरबॉक्सचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याची) बाहेरची जॉइंट असते.

मग चाक उचलून हाताने तपासा. गाडी स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी दोन्ही हात ठेवून चाक आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकणारा दांडा, टाय रॉड तो चाकाशी जोडतो). दुसऱ्या माणसाला चाक हलवायला सांगा आणि तुम्ही टाय रॉड एंडच्या जॉइंटवर आडवं बोट ठेवा. वरचा आणि खालचा भाग वेगवेगळे हलतायत का ते बोटाला लगेच कळतं, डोळ्याला कळत नाही. रॅक एंड आत रबराच्या बूटमध्ये असतो, तो बूटवरूनच मुठीत धरून तपासायचा.

आता हात १२ आणि ६ च्या जागी. इथे खेळ असेल तर बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाकडे जोडणारी, गोळीवर फिरणारी जोडणी) किंवा चाकाचं बेअरिंग. यातलं नेमकं कोण, हे ओळखायला आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट. पक्की खात्री हवी तर टायरखाली पहार घालून चाक वर उचला आणि जॉइंटकडे बघा.

ज्या गाड्यांना वर-खाली दोन आर्म असतात आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे जॅक चेसिसखाली नाही, खालच्या आर्मखाली लावून तपासायचं. नाहीतर स्प्रिंगचा जोर जॉइंट घट्ट धरून ठेवतो आणि गेलेला जॉइंटही चांगला वाटतो.

यातलं घरी काय करावं आणि काय करू नये?

लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे बुश, टाय रॉड एंड, रॅकचं बूट आणि बॉल जॉइंटसकट पूर्ण लोअर आर्म ही कामं अंगणात होतात. शॉकअप गाडीतून उतरवणंही होतं.

स्प्रिंग शॉकअपवरून काढणं, रॅक उघडणं, चाकाचं बेअरिंग प्रेसने बदलणं आणि स्टिअरिंग कॉलमला हात लावणं ही घरची कामं नव्हेत. कॉलमच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, आणि खालचं कपलिंग सुटलेलं असताना कोणी स्टिअरिंग गरगर फिरवलं तर आतली गुंडाळलेली पट्टी तुटते. मग एअरबॅगचा दिवा पेटतो आणि हॉर्नही जातो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा सेन्सर आणि मोटर बऱ्याच गाड्यांत याच कॉलमवर असतात.

गाडी उचलायला जांभ्याचे चिरे लावले तर चालतील का?

नाही. खानापूर-जांबोटी पट्ट्यात प्रत्येक घरामागे चिऱ्यांची रास असते, म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. भिंतीत चिऱ्यावर वजन सगळीकडून सारखं पडतं. गाडीखाली ते एका बारीक कडेवर पडतं आणि चिरा काहीही न सांगता फुटतो. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर त्याहून वाईट.

जॅक फक्त उचलायला. काम घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर. दोन्ही बाजूंना घोडी लावा, घोडी चेसिसच्या किंवा पत्र्याच्या दुहेरी कडेच्या मजबूत जागी बसवा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, हँडब्रेक ओढा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवा, घोडी सरकली तरी गाडी त्यावर बसते. अंगण मातीचं असेल तर घोडीखाली जाड लाकडी फळी घाला. काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर आठवडाभर हे काम काढूच नका, वरून सुकलेली दिसली तरी ती खालून दबते.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. उचललेल्या गाडीवर लांब पान्याने जोर लावणं म्हणजे घोडीवरून गाडी ढकलणं.

हत्यारं कोणती लागतील?

१० ते २१ मि.मी. गोट्या (सॉकेट) आणि रिंग पाने (१४, १७ आणि १९ सर्वात जास्त लागतात), दोन-तीन फुटी पाइप किंवा लांब हँडल, ५ आणि ६ मि.मी. ॲलन की, बॉल जॉइंट पुलर, किलोभर वजनाचा हातोडा, छिन्नी, पहार, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पांढरा रंग किंवा खडू आणि टॉर्क पाना (ठरावीक जोरालाच आवळता येणारा). टॉर्क पाना विकत घेणं जिवावर येत असेल तर ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणा, पण तो हवाच. छोट्या गाड्यांच्या चाकाचे नट साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरला आवळतात, बाकीच्या बोल्टांचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नका.

स्प्रे आदल्या रात्री मारा. दहा मिनिटं आधी मारलेल्याचा फारसा उपयोग होत नाही.

लिंक रॉड बदलताना नट फिरतो पण सुटत नाही. काय करायचं?

नटाबरोबर आतला स्टडही फिरतोय. स्टडच्या टोकाला ॲलन की बसायला षटकोनी खाच असते. तिच्यात बहुधा ५ किंवा ६ ची की घालून स्टड धरा आणि नट रिंग पान्याने सोडा. खाचेत चिखल दगडासारखा बसलेला असतो, तो आधी खिळ्याने कोरून काढा. अर्धवट बसलेली की खाच गोल करून टाकते. तसं झालंच तर ग्राइंडरने नट कापा. जुना रॉड टाकायचाच आहे, त्याच्यावर दया नको. मात्र ठिणग्या ब्रेकच्या होजवर आणि रबरी बूटवर जाणार नाहीत अशी ओली गोणपाट आड धरा.

दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी अधांतरी ठेवा. एकच उचललं तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि नवा रॉड भोकात बसत नाही. जुन्या मारुती ८०० आणि ऑल्टोत वेगळा लिंक रॉड नसतो, स्टॅबिलायझर बारचं टोकच लोअर आर्मला जोडलेलं असतं. तिथे दुकानदाराकडे बुश मागा.

टाय रॉड एंड बदलायची नीट पद्धत काय?

स्टिअरिंग सरळ ठेवा. आटे तारेच्या ब्रशने साफ करा. लॉक नट रॉडवर नेमका कुठे आहे तिथे पांढऱ्या रंगाची रेघ मारा आणि तो फक्त पाव फेरा सैल करा. तो जागेवर राहिला की नवा एंड कुठवर घालायचा याची खूण आपोआप मिळते.

स्प्लिट पिन काढा. वरचा नट स्टडच्या टोकाला समपातळीत येईपर्यंत सोडा, पण काढू नका. आता पुलर लावा. पुलर नसेल तर ज्या लोखंडी डोळ्यात स्टड बसलाय, त्या डोळ्याच्या बाजूवर हातोड्याचे दोन-तीन दणके द्या. स्टडच्या टोकावर ठोकू नका. आट्यांची वाट लागते आणि निमुळता भाग अजून घट्ट बसतो. बाजूने ठोकलं की डोळा क्षणभर ताणला जातो आणि स्टड 'टक्' करून सुटतो. नट टोकाशी असल्यामुळे सुटलेला रॉड अंगावर येत नाही.

एंड फिरवून काढताना फेरे मोजा आणि नवा तेवढेच फेरे घाला. त्याआधी जुना आणि नवा शेजारी ठेवून गोळीच्या मध्यापासून आट्यांच्या तोंडापर्यंत मापून बघा. दुसऱ्या कंपनीच्या एंडची लांबी दोन-तीन मि.मी. वेगळी असू शकते, तसं असेल तर फेऱ्यांचा हिशेब चुकतो.

निमुळता भाग आणि डोळा कोरड्या फडक्याने पुसा. तिथे ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, ती पकड कोरड्या लोखंडावरच चालते. नट आवळताना स्टड फिरायला लागला तर एंड डोळ्यात दाबून धरा. नट वर असेल तर खालून जॅकने, नट खाली असेल तर वरून पहारीने. खाचांचा नट असेल तर टॉर्कला आवळून मग पिनचं भोक जुळवायचं, आणि जुळत नसेल तर थोडा पुढेच आवळायचा. मागे सोडून जुळवलेला नट सैल नट असतो. पिन नवीनच घाला. नायलॉनचा नट असेल तर तोही नवा.

शेवटी लॉक नट आवळताना रॉड दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर आतलं बूट पिळून बसतं आणि महिन्याभरात फाटतं.

बॉल जॉइंट गेलाय. फक्त जॉइंट मिळेल की पूर्ण आर्म घ्यावा लागेल?

गाडीवर अवलंबून आहे. काहींत जॉइंट बोल्टने लावलेला असतो, काहींत तो आर्ममध्येच प्रेस केलेला असतो. दुसऱ्या प्रकारात पूर्ण आर्म घ्या. त्याबरोबर दोन्ही बुशही नवे मिळतात आणि तेही बहुधा त्याच खड्ड्यांतून गेलेले असतात.

जॉइंट का जातो ते जुना हातात घेऊन बघा. रबरी टोपी फाटलेली असते आणि फाटलेल्या ओठाशी तांबूस लगदा जमलेला असतो, म्हणजे ग्रीसमध्ये मिसळलेली जांभ्याची माती. ग्रीस आहे म्हणून लोक निश्चिंत राहतात, पण त्या लगद्यातले कण गोळी घासून काढतात. टोपी फाटलेली दिसली की खेळ नसला तरी जॉइंटचे दिवस भरले.

खोलताना बहुतेक गाड्यांत जॉइंटचा स्टड नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाच्या) फटीत असतो आणि आडव्या बोल्टने धरलेला असतो. तो बोल्ट सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण स्टडला मध्ये खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. हे माहीत नसल्यामुळे माणसं तासभर ठोकत बसतात. बोल्ट निघाल्यावर फटीत छिन्नी हलकेच ठोकून ती किंचित उघडा, मग आर्मवर पहार टेकवून खाली दाबा.

आर्म सुटला की नकल मोकळं होतं. ते बाहेर ओढलं गेलं तर ड्राइव्ह शाफ्टची आतली जॉइंट गिअरबॉक्सकडच्या टोकाला निसटू शकते. म्हणून ते तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. ब्रेकची होज आणि एबीएस सेन्सरची वायर आधीच क्लिपमधून मोकळी करा, त्यांच्यावर भार येता कामा नये.

'बुशचा बोल्ट गाडी खाली असताना आवळा' असं का सांगतात?

नवा आर्म पाच-सहा महिन्यांत पुन्हा आवाज करू लागतो तो बहुतेक याच चुकीमुळे. बुशमधलं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, फक्त पिळतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबराची 'सरळ' स्थिती तीच ठरते. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं.

तर बोल्ट आधी फक्त हाताने लावा. मग बॉल जॉइंटखाली जॅक लावून, गाडी घोडीवरून जेमतेम उचलू लागेपर्यंत आर्म वर घ्या आणि त्या स्थितीत टॉर्कला आवळा. हात पोचत असेल तर चाक लावून, गाडी जमिनीवर उतरवून आवळणं अजून चांगलं.

शॉकअप घरी बदलता येईल?

अर्धं काम. शॉकअपवर तेलाचा पातळ थर असणं चालतं, ओघळ वाहिलेला असेल तर तो गेला. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एक नवा आणि एक थकलेला असं ठेवलं की ब्रेकला गाडी एका बाजूला डुबते.

नकलशी जोडणारे दोन बोल्ट सोडण्याआधी ब्रॅकेट आणि नकल दोन्हींवर मिळून रंगाची रेघ मारा, कॅम्बर (चाकाचा उभा कल) जवळपास परत येतो. वरचे तीन नट सोडा. काही गाड्यांत त्यासाठी वायपरखालचं प्लॅस्टिक काढावं लागतं. मधल्या मोठ्या नटाला हात लावायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगला तोच अडवून धरतो. तो सुटला तर माउंटिंग तोंडावर येतं आणि त्यात माणसं मेली आहेत. पूर्ण शॉकअप खाली उतरवा आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. माउंटिंगचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर त्याच फेरीत बदलून घ्या.

रॅकचं बूट फाटलंय, पण स्टिअरिंग चांगलं आहे. लगेच बदलू का?

याच आठवड्यात. बूट आणि दोन क्लॅम्प स्वस्त आहेत, रॅक नाही. फाटक्या बूटमधून पाणी आणि माती आत गेली की रॅकच्या दांड्यावर गंजाचे खळगे पडतात. टाय रॉड एंड आणि लॉक नट काढला की बूट ओढून निघतं. आत पॉवर स्टिअरिंगचं तेल सापडलं तर रॅकचं सील गळतंय, मग नवं बूट घालून काही साधत नाही.

अलाइनमेंट घरी होते का?

दुकानापर्यंत जाण्यापुरती. सपाट जागी गाडी दोन-तीन मीटर पुढे ढकला (मागे नाही). दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या अंगाला, हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीला, मधोमध खडूची खूण करा आणि खुणांमधलं अंतर टेपने मोजा. मग चाक अर्धा फेरा फिरून त्या खुणा पुढे येईपर्यंत गाडी पुढे ढकला आणि पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे टो, म्हणजे चाकं पुढून आत की बाहेर वळलेली आहेत ते. हबच्या उंचीला टेप इंजिनला अडत असेल तर दोन्ही वेळा सारख्याच, जरा खालच्या उंचीला मोजा.

बऱ्याच रॅक एंडचा आटा १.५ मि.मी.चा असतो. स्टिअरिंगचा आर्म (नकलचा, टाय रॉड जोडलेला हात) सुमारे १२ सें.मी. धरला तर टाय रॉडच्या एका पूर्ण फेऱ्याने चाक जवळजवळ पाऊण अंश वळतं आणि टायरवर मोजलेला टो साधारण ७ मि.मी.ने बदलतो. एक फेरा चुकला तरी हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये टायरची कड करवतीसारखी होते. टायरवरून आडवा हात फिरवून बघा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला टोचत असेल तर टो बिघडलाय.

टाय रॉड, लोअर आर्म, शॉकअप यांपैकी काहीही उघडलं असेल तर अलाइनमेंट मशीनवर करून घ्याच. ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत त्यानंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो. नुसता लिंक रॉड बदलला असेल तर याची गरज नाही.

पार्ट कुठले घ्यावेत? प्रेसचं काम कुठे होतं?

चेसिस नंबर घेऊन दुकानात जा. 'स्विफ्टचा लोअर आर्म द्या' एवढ्यावर चुकीचा आर्म हातात पडतो, कारण पिढीगणिक तो वेगळा आहे. कंपनीचा मूळ पार्ट, नाहीतर टाय रॉड आणि बॉल जॉइंटसाठी राणे, शॉकअपसाठी गॅब्रिएल अशी ओळखीची नावं घ्या. खोक्यावरचं प्रिंट पुसट असेल, रबर हाताला चिकट लागत असेल किंवा जॉइंट दोन बोटांनी सहज फिरत असेल तर परत करा. नवा जॉइंट जड आणि एकसारखा फिरतो.

फक्त बुश प्रेस करून हवा असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक प्रेस असलेली वर्कशॉप आहेत. बुशवरची बाणाची किंवा फटीची दिशा जुन्यासारखीच हवी, हे देतानाच सांगा. आणि हातोड्याने ठोकून बसवतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

घाटात असताना खडखड सुरू झाली तर पुढे जावं का?

लिंक रॉड किंवा शॉकअपचं माउंटिंग असेल तर सावकाश जाता येतं. पण स्टिअरिंग सैल वाटतंय, गाडी आपोआप सरळ येत नाही किंवा वळणावर चाकाखालून मोठा ठोका येतोय, तर चोर्ला असो की आंबोली, तिथेच बाजूला घ्या. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं होतं आणि स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही. गाडी ओढून नेण्याचे पैसे जातील तेवढे जाऊ द्या.

सगळं बदललं, तरी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. आता काय राहिलं?

आधी चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून बघा. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती एका बाजूला थापून सुकली की तेवढ्याने चाकाचा तोल जातो आणि महामार्गावर नेमका हाच त्रास होतो. खरवडून, पाण्याने धुऊन एकदा चालवून बघा. तरी राहिलं तर बॅलन्सिंग, मग टायरला फुगवटा आलाय का, मग रिम वाकलीय का, या क्रमाने जा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेक डिस्क बघा.

किती दिवसांनी तपासायचं?

दुरुस्तीनंतर ५० ते १०० किलोमीटरने चाकाचे नट आणि उघडलेले सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने बघा. एरवी वर्षातून दोनदा. मे महिन्यात पावसाआधी सगळी रबरी बूट आणि टोप्या, आणि पाऊस सरल्यावर, गळीत हंगामाच्या तोंडाला, खेळ आणि बुश. बूट तपासताना ते बोटांनी फाकवून घड्यांच्या आत बघा, भेग तिथेच आधी पडते.